भिंगरीची झोप

कामाबद्दल कुणी विचारलं की आई म्हणायची, "पोरांना झोपवते." ऐकणाऱ्याला वाटायचं, ही पाळणाघर चालवते. एका बाईंनी तर आपल्या नातवासाठी जागा आहे का, अशी चौकशी केली होती. "तो धडधाकट आहे ना? मग माझ्याकडे नकोच," असं आईने सांगितल्यावर त्या पुढे कित्येक दिवस तिच्याशी बोलत नव्हत्या.

आई लहान मुलांची भूलतज्ज्ञ होती. ज्यांच्या हृदयापर्यंत पायाच्या शिरेतून बारीक नळी न्यायची असते, अशी मुलं तिच्याकडे यायची. छाती उघडायची नसते, त्यामुळे पूर्ण भूल प्रत्येकालाच लागते असं नाही. पण नळी आत असेपर्यंत मूल हलता कामा नये, श्वास त्याचा त्यानेच घ्यायला हवा आणि रक्तदाबही घसरता कामा नये. 'जरा गप्प पडून राहा' असं चार वर्षांच्या मुलाला सांगून ज्याने पाहिलंय, त्याला आईच्या कामाची थोडीफार कल्पना येईल.

तिच्याकडे दोन मिश्रणं होती. केटामीन दोन्हींत. जुन्या मिश्रणात त्याच्या जोडीला प्रोपोफॉल, दुधासारखं पांढरं. ते आई आयुष्यभर देत आली होती. नव्यात डेक्स, त्याचं पूर्ण नाव तिच्याही तोंडून एका दमात निघत नसे. हे पाण्यासारखं. पांढऱ्यावर मुलं पटकन झोपत आणि पटकन उठत, पण उठताना कधी कधी बिथरत. नळी काढल्यावर जांघेतली शीर मिटेपर्यंत पाय सरळ ठेवावा लागतो. बिथरलेलं मूल पाय झाडतं आणि मिटत आलेली शीर पुन्हा वाहू लागते. डेक्सवर मुलं शांत उठतात, असं सगळे म्हणत. पण उशिरा उठतात, आणि नाडी मंदावते. ज्यांचं हृदयच आधी दुखणाईत, त्यांना ते कितपत सोसतं? याबद्दल जो तो आपापल्या अनुभवाने ठामपणे बोलायचा. आईला अशा ठाम माणसांचा कंटाळा होता. म्हणून तिने दोन्ही मिश्रणांची नीट तुलना करायला घेतली. आईवडिलांनी परवानगी दिली की बंद पाकीट उघडायचं. आत जे लिहिलेलं असेल ते द्यायचं. देणाऱ्या डॉक्टरला ते माहीत असणारच, पण मूल कसं उठलं ते नोंदवणाऱ्या सिस्टरला कळता कामा नये.

अडचण रंगाची होती. पांढरं औषध लांबूनही पांढरं दिसतं. म्हणून पडद्याच्या अस्तराचं उरलेलं गडद निळं कापड घेऊन आई एका रविवारी माझ्याकडे आली. सिरिंजला आणि तिच्यापासून मुलाच्या हातापर्यंत जाणाऱ्या नळीला अभ्रे शिवायचे होते. शिलाई मशीन माझ्याकडे होतं. मी एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासते. घरी बसून टीप मारणं हा माझा एकमेव धाडसी छंद, असं ती म्हणायची.

"सिस्टरवर विश्वास नाही वाटतं तुझा?" मी विचारलं.

"तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, ते मला ठाऊक आहे ना. पांढरं दिसलं की आधीच पाय दाबून धरला असता. आणि पाय दाबल्यावर कुठलं पोर बिथरणार नाही?"

"पण तुला काय वाटतं? जास्त चांगलं कुठलं?"

"ते कळलं असतं तर इथे तुझ्या नाकदुऱ्या काढत बसले असते का? सरळ शीव. वाकडी जातेयस."

अभ्रा शेवटी बोटभर कमी पडत होता. मुलाच्या हातात सुई जिथे खोचलेली असते, तिथे नळी उघडीच राहायची. मी तुकडा जोडू म्हटलं. ती म्हणाली, "राहू दे. तिथे हवेचा बुडबुडा आला तर दिसतो. तेवढी देणाऱ्याची जागा."

काम अर्ध्यावर आलं आणि आई आजारी पडली. तिने सगळं आपल्या हाताखालच्या डॉक्टरकडे सोपवलं. त्या मुलीला आई 'धाकटी' म्हणायची, म्हणून आमच्या घरातही ती धाकटीच. आईच्या शेवटच्या दिवसांत तिला झोप लागावी म्हणून इंजेक्शन द्यायला धाकटी रोज घरी येत असे. सुई टोचण्याआधी ती औषधाची बाटली दोन्ही तळव्यांत धरून कोमट करायची. गार औषध हाताला झोंबतं, हे तिला आईनेच शिकवलेलं. त्याबद्दल मी तिचे आभार मानले नाहीत. कसे मानायचे ते सुचलं नाही. आई गेली, आणि दादा, वहिनी, मी असे आम्ही तिघं कामाला लागलो, कारण आता भिंगरीची पाळी होती.

भिंगरी म्हणजे माझ्या दादाची मुलगी. पाच वर्षांची. जन्मापूर्वी बाळाच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांमध्ये एक छोटी वाट असते. जन्मानंतर ती आपोआप मिटते. भिंगरीची मिटली नव्हती. ती थोडी मोठी झाली की नळीतून एक इवलंसं बूच नेऊन ती बंद करायची, असं पहिल्यापासून ठरलेलं होतं. "हिला मीच झोपवणार," आई सांगायची. "तोवर मला निवृत्त करून दाखवाच." या आजीच्या भरवशावर दादा पाच वर्षं निवांत होता.

धाकटीने आम्हाला तिच्या खोलीत बसवून सगळं समजावून सांगितलं. खोली एवढीशी होती. चौथी खुर्ची नव्हती म्हणून ती स्वतः टेबलाला टेकून उभी राहिली.

"दोन्ही औषधं रोजच्या वापरातली आहेत. कुठलंही आलं तरी मी तिच्याजवळून हलणार नाही. फक्त कुठलं द्यायचं ते पाकीट ठरवेल. तुम्ही नको म्हणालात तर ती या तुलनेत नसेल, एवढंच. काळजी तीच घेतली जाईल."

"मग आईचं द्या," दादा म्हणाला.

"म्हणजे?"

"पांढरं. तिने जन्मभर दिलं ते."

"शेवटी शेवटी मॅडम दोन्ही देत होत्या."

"ते तुमच्या तुलनेसाठी. स्वतःच्या नातीला तिने काय दिलं असतं ते सांगा."

धाकटी म्हणाली, "एकदा विचारलं होतं मी. 'नात आहे म्हणून मला जास्त कळायला लागलं का?' म्हणाल्या. आणि मला सलाईन आणायला पिटाळलं."

हे इतकं आईसारखं होतं की वहिनीला हसू आलं. दादा हसला नाही. तो लिफ्ट तपासणारा अभियंता आहे. उंच इमारतींच्या लिफ्टचे दोर, ब्रेक, दरवाजे बघून सही करायची हे त्याचं काम, आणि त्याच्या सहीवर रोज हजारो माणसं वरखाली जातात.

"डॉक्टर, दोर कुठला टाकायचा ते मी चिठ्ठ्या टाकून ठरवत नाही."

"समजा, तुमच्याकडे दोन दोर आहेत. दोन्ही पास झालेले. कुठल्याने माणसाला कमी हिसका बसतो ते कुणी बघितलेलं नाही. तुम्ही काय कराल?"

"मोजेन," दादा म्हणाला, आणि आपण हे काय बोलून बसलो म्हणून स्वतःवरच चिडला. "पण माझी पोरगी आत बसवून नाही मोजणार."

"मग कुणाची बसवायची?" हे वहिनीने विचारलं. आवाज अगदी साधा होता, भाजीला मीठ किती टाकू असं विचारावं तसा.

"टोचायच्या आधी ते मलम लावतात, जागा बधिर व्हायला," वहिनी पुढे म्हणाली. "आपल्या माणसाच्या मांडीवर झोपवतात. हे सगळं आपल्याला आयतं मिळतंय रे. आईंना ते कुणी शिकवलं? आधीच्या पोरांनीच ना? त्यांच्या आया हो म्हणाल्या म्हणून."

"मला जरा वेळ द्या," असं म्हणून दादा उठून गेला. मी त्याच्यामागे गेले. तो जिन्याच्या कठड्याला धरून उभा होता.

"मला कळतंय ती काय म्हणतेय ते," तो म्हणाला. "पण भिंगरी आत असताना आईचं काहीतरी तिथे असावं असं वाटतं. एवढंच."

"अभ्रे आहेत ना."

"ते तू शिवलेस. आईला बटण तरी लावता यायचं का?"

"कापड तिचं होतं. आणि सूचनाही तिच्याच. किती, ते विचारू नकोस."

तो नाकातल्या नाकात हसला, मग वळून लिफ्टकडे गेला. मला वाटलं, बाहेर हवा खायला चाललाय. तो सगळ्यात वरच्या मजल्यापर्यंत जाऊन परत आला, आणि धाकटीच्या खोलीत शिरत म्हणाला, "तुमच्या लिफ्टचा दरवाजा मिटताना अडतोय. कुणाला तरी सांगा. आणि तो कागद द्या इकडे." त्याने सही केली.

नळी घालायची खोली आणि बाहेरची मार्गिका यांच्यामध्ये एक छोटी खोली आहे. तिथे हात असलेली एक रुंद खुर्ची ठेवलेली असते. त्या खुर्चीत मुलाचं आपलं माणूस बसतं, मूल मांडीवर झोपतं, आणि मग त्याला उचलून आत नेतात. ही पद्धत आईने पाडली. टेबलावर एकट्याने आडवं व्हायला घाबरणारं मूल अर्धं औषध भीतीनेच खाऊन टाकतं, असं तिचं म्हणणं. मांडी देणाऱ्यासाठी नियम एकच: रडायचं नाही. पोट हललं की मुलाला कळतं. 'रडायचं असेल तर आधी रडून या,' असं ती मोठमोठ्या बापांना सांगायची, आणि ते मुकाट्याने बाहेर जाऊन रडून यायचे.

मांडी कुणाची, हे भिंगरीने स्वतः ठरवलं. "आत्याची. बाबा रडतो, आणि आई सारखे पापे घेत बसते."

"अगं, मी कुठे रडतो?" दादा रडवेल्या आवाजात म्हणाला.

अशी मी आईच्या खुर्चीत बसले. म्हणजे ती कधी त्यात बसलीच नसणार. ती उभी असायची, जिथे आता धाकटी उभी होती. शेजारी पंप, मॉनिटर, प्राणवायूचा मुखवटा, आणि निळ्या अभ्र्यातली सिरिंज. कापड बऱ्याच धुण्यांनी फिकं झालं होतं. भिंगरीच्या हातातली सुई वॉर्डमध्येच लावली होती. तिच्या बोटाला लाल दिव्याचा चिमटा होता आणि तो ती माझ्या नाकावर लावून बघत होती.

"आजी इथे काम करायची?"

"हो."

"मग तिची खुर्ची कुठाय?"

"ती बसायचीच नाही."

"पाय नाही दुखायचे?"

"दुखायचे. घरी येऊन सांगायची."

"मला नव्हतं सांगितलं," भिंगरी म्हणाली. धाकटीने पंप चालू केला.

ती बोटभर उघडी नळी माझ्या मनगटाजवळच होती. बघणार नाही असं मी ठरवलेलं नव्हतं. नजर गेली. आत काही होतं की नाही, असं वाटण्याइतकं ते स्वच्छ होतं. पाणी. मी मान वर केली तेव्हा धाकटी माझ्याकडेच बघत होती.

भिंगरी चिमट्याबद्दल काहीतरी सांगत होती. वाक्य मधेच सैल झालं. डोळे उघडेच होते, पण त्यांतलं बघणं थांबलं, आणि बुबुळं किंचित थरथरू लागली. मी दचकून वर पाहिलं. "केटामीनमुळे," धाकटी हलक्या आवाजात म्हणाली. "डोळे असेच राहतात. झोपलीय ती." तिने दोन बोटांनी तिच्या पापण्या मिटवल्या. मॉनिटरवरचा नाडीचा आकडा हळूहळू उतरत होता. तो किती उतरावा हे मला ठाऊक नव्हतं. धाकटीला ठाऊक होतं, आणि ती आकड्यापेक्षा जास्त भिंगरीच्या छातीकडे बघत होती. छाती वर जात होती, खाली येत होती. मांडीवर ती एकाएकी जड झाली. इतकी वर्षं किती माणसांनी या खुर्चीत हे वजन अनुभवलं असेल, आणि मान वर करून माझ्या आईचा चेहरा पाहिला असेल, हे त्या क्षणी मला पहिल्यांदा जाणवलं. मला तिच्या त्या चेहऱ्याची ओळख नव्हती. आम्हाला घरी दमलेला चेहराच मिळायचा.

आतल्या सिस्टर आल्या, तिला उचलून आत घेऊन गेल्या. मग मी बाहेर येऊन रडले. ते नियमात बसत होतं.

बूच नीट बसलं. नळी सुखरूप निघाली. पण भिंगरी उठेना.

नळी काढल्यावर मुलांना ठेवतात त्या खोलीत आम्ही तिघं तिच्या पलंगाभोवती होतो. तिथल्या सिस्टर पायाशी बसून पट्टी बघत होत्या, थोड्या थोड्या वेळाने भिंगरीला हाक मारत होत्या आणि नोंद करत होत्या. शेजारच्या पलंगावरचा मुलगा तिच्यानंतर आत गेला होता, तो केव्हाच उठून पाणी मागत होता.

"आईची पोरं चहा येईपर्यंत उठायची," दादा म्हणाला. चहा येऊन गार झाला होता. "सिस्टर, हिला कुठलं दिलंय?"

"मला कसं माहीत असणार? मला कळू नये म्हणून तर एवढी शिवणकामं केलीत तुम्ही लोकांनी."

"पण एवढा वेळ लागतो?"

"कुणाला लागतो, कुणाला नाही. श्वास बघा किती छान चाललाय."

तो माझ्याजवळ सरकला. त्याच्या मनात काय चाललंय ते मला नीट कळत होतं. नवं औषध असेल तर उशिरा उठणं ठरलेलंच. जुनं असेल तर काहीतरी बिघडलंय. माझ्या एका शब्दाने त्याचा जीव भांड्यात पडला असता. पण त्याचा चेहरा काचेचा आहे. त्याच्या चेहऱ्यावरून सिस्टरना लगेच कळलं असतं, आणि मग भिंगरीची नोंद बाद. आधी हो म्हणालेल्या कितीतरी आईवडिलांची माया त्या नोंदीपर्यंत येऊन थांबली होती, ती मला मोडवत नव्हती. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. एवढ्याशा हाताने काय होणार होतं?

त्याने शेवटी दाराशी जाऊन धाकटीला गाठलंच. ती पुढच्या मुलाची तयारी करून येत होती.

"डॉक्टर, फक्त एवढं सांगा. पांढरं होतं?"

"ते नाही सांगता येणार," धाकटी म्हणाली. "पण मी काय दिलंय ते मला माहीत आहे. काळजीचं काही असतं तर तुमच्या आधी मी घाबरले असते. आणि मी घाबरले की दिसतं. मॅडम त्यावरून मला खूप बोलायच्या."

दादाने तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. दोर बघताना तो असाच बघत असणार, एकेक पीळ तपासत. मग मान हलवून तो परत आला आणि भिंगरीच्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरून बसला. नंतर त्याने काहीच विचारलं नाही.

भिंगरीने डोळे उघडले तेव्हा मला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. तिने छताकडे पाहिलं, सिस्टरकडे पाहिलं, जीभ ओठांवरून फिरवली.

"झालं?"

"झालं," वहिनी म्हणाली.

"मला भूक लागलीय."

"आणि रडायचं वगैरे नाही?" सिस्टरनी विचारलं.

"कशाला?" भिंगरी म्हणाली. पाय जागच्या जागी सरळ होता. जांघेतली पट्टी कोरडी होती. सिस्टरनी कागदावर एक आकडा लिहिला, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

दादा हुंदके देऊन रडू लागला. "बघ," वहिनी डोळे पुसत म्हणाली, "म्हणून तुला मांडी द्यायला बसवलं नाही."

संध्याकाळी तो माझ्या कानाशी म्हणाला, "पांढरंच होतं बघ ते. कशी शांत उठली! आईचंच होतं." वेळाचा त्याचा सगळा हिशोब त्याने स्वतःच खोडून टाकला होता. मी 'हं' म्हटलं. सगळ्या मुलांची पाकिटं उघडून तुलना पुरी होईपर्यंत मला बोलता येणार नव्हतं. पुढे त्याने सगळ्या नातेवाइकांना ही हकिगत सांगितली. आई नसतानाही तिनेच नातीला कसं झोपवलं, ती. दर खेपेला त्यात थोडी भर पडायची. मी ऐकून घ्यायचे.

निकाल आला तो धाकटीने मला फोनवर सांगितला. दोन्ही मिश्रणांवर मुलं सुखरूप होती. पांढऱ्यावरची लवकर उठली. डेक्सवरची उशिरा, पण शांत. त्यांच्यात पाय झाडणं आणि रक्त येणं बरंच कमी. आता पायातून नळी घालायच्या मुलांना ते डेक्सच आधी देणार होते. "मॅडमचं औषध मागे पडलं," धाकटी म्हणाली. तिला हसावं की रडावं ते कळत नव्हतं. "त्या असत्या तर काय म्हणाल्या असत्या?"

"म्हणाली असती, बरं झालं कळलं ते. आणि तुला सलाईन आणायला पिटाळलं असतं." मग मी म्हटलं, "ती आजारी होती तेव्हा तू औषध तळव्यांत धरून कोमट करायचीस. ते मी बघत होते. सांगायचं राहिलं होतं."

मग ती म्हणाली, "आता तुमच्या भावाला सांगायला हरकत नाही."

मी दादाला फोन केला. भिंगरीला डेक्स दिलं होतं, पांढरं नव्हे, असं सरळ सांगितलं. "तुला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"दिसलं होतं मला."

"आणि मी गावभर सांगत सुटलोय, आईचं, आईचं म्हणून." फोनमधून धपाधप पावलं ऐकू आली आणि काहीतरी पडल्याचा आवाज. "ए, उतर! उतर आधी कपाटावरून! मान मोडून घेशील!" तो फोन तसाच ठेवून धावला असावा. वहिनीचा ओरडा, भिंगरीचं हसणं, मग दाराचा आवाज. परत आला तेव्हा त्याला धाप लागली होती.

"काय म्हणत होतो मी?"

"आईचं."

"हां." "त्या बाकीच्या पोरांचे आईबाप... त्यांना निकाल सांगणार का कुणी?"

"धाकटी सगळ्यांना कळवणार आहे म्हणाली."

"मी मदत करतो म्हणून सांग तिला. फोन करायचे असतील तर मी करेन. लोकांना बरं वाटेल ना, की त्यांच्या पोरामुळे..." ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. "तिचा नंबर दे मला. आत्ताच दे. लिहून घेतो."